अकरा पाणमांजरं

“अहो! ठेवा... ठेवा ते खाली!”

मी स्कूटर कशीबशी स्टँडवर लावली आणि ओरडतच धावले. पहाटेची साडेपाचची वेळ, बारीक पाऊस, चष्म्यावर थेंब. पाणथळीतून जाणाऱ्या त्या रस्त्यावर एक पिवळी गाडी थांबली होती. गाडीच्या दिव्यांच्या उजेडात एक माणूस वाकला होता. त्याच्या दोन्ही हातांवर एक लांबट, ओलं जनावर होतं. झोपलेलं मूल उचलावं तसं त्यानं ते उचललं होतं.

तो तसाच उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, मग हातांकडे.

“का? तुमचं आहे?”

“माझा डेटा आहे तो!”

“असं होय...” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. “मला पाणमांजर वाटलं.”

मला हसू यायला नको होतं. समोर मेलेलं पाणमांजर होतं, त्याच्या मिशांवर पावसाचे थेंब होते, आणि मी विद्यापीठात हेच शिकवत होते — परिसंस्था, जाती, त्यांचं टिकणं आणि संपणं. तरी हसले. तोही हसला असावा, पण रेनकोटाच्या टोपीखाली नीट दिसलं नाही.

मग त्यानं जे सांगितलं, त्यामुळे माझं हसू जागच्या जागी विरलं.

तो रस्ते विभागाचा माणूस. त्या रस्त्यावर रात्री गाड्यांखाली येणारी जनावरं साडेसहाच्या आत उचलायची, हे त्याचं काम. नाहीतर सकाळच्या गाड्या ती चुकवायला जातात आणि एकमेकींवर आदळतात. सहा वर्षं तो ते करत होता. रोज.

आणि मी दोन वर्षं दर शनिवारी सात वाजता माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याच रस्त्यावर सहा किलोमीटर चालत होते, मेलेली जनावरं मोजत. आम्हाला बेडूक मिळायचे, कधी एखादा साप. पाणमांजर दोन वर्षांत दोन-तीनदा, तेही गवतात फेकलं गेलेलं. वर्गात मी फळ्यावर आलेख काढून सांगायचे — बघा, हा रस्ता तसा निरुपद्रवी आहे.

“सात वाजता?” तो म्हणाला. “मॅडम, सातला काय राहणार? मी सगळं झाडून नेलेलं असतं.”

मी रस्त्याच्या कडेला बसलेच. त्या दिवशी मोजणीसाठी कडेच्या खांबांवर खुणा करायच्या म्हणून मी लवकर आले होते. नसते आले तर आणखी किती वर्षं शिकवत राहिले असते कोण जाणे!

त्यानं ते जनावर गाडीत हलकेच ठेवलं, हात पुसले आणि विचारलं, “रडताय की पाऊस आहे?”

“पाऊस आहे.”

“बरं. मग माझा नंबर लिहून घ्या. उचलायच्या आधी फोन करीन.”

*

तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला फोन वाजू लागला.

“शुभ सकाळ म्हणायचं की नाही, तेच कळत नाही मला.”

“नका म्हणू. कुठला दगड?”

“चोवीस किलोमीटरच्या दगडापुढे, रस्त्याखालच्या मोरीपाशी. घुबड आहे. पांढरं. पंख मोडलाय, बाकी... झोपल्यासारखं दिसतंय.”

मी अंथरुणातच वही घेऊन लिहायचे. तारीख, जागा, जात, लांबी, नर की मादी. जमेल तेव्हा स्कूटर काढून स्वतः बघून यायचे, बाकीच्या वेळी त्याच्या शब्दावर. त्याचा शब्द पक्का असायचा. एकदा म्हणाला, “मादी आहे,” आणि थांबला. बराच वेळ नुसता पावसाचा आवाज.

“काय झालं?”

“दूध आहे हिला. म्हणजे पिल्लं कुठंतरी...” पुन्हा थांबला. “शोधली मी अर्धा तास. नाही सापडली. चहा घेतलात का?”

त्याचं असं असायचं. जिथं आता पुढचं वाक्य नको असं वाटे, तिथं तो चहाचं विचारायचा.

आई शेजारच्याच खोलीत झोपायची. पंधरवड्यानं तिनं विचारलंच, “हा रोज साडेपाचला फोन करणारा कोण गं?”

“मेलेल्या जनावरांचा माणूस आहे, आई.”

“अगं बाई!” आईनं कपाळाला हात लावला. “तुझ्या मावशीनं सुचवलेल्या त्या इंजिनिअरशी बोलताना तुझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि याच्याशी पहाटे पहाटे गुलुगुलू?”

“गुलुगुलू नाही! जागा आणि लांबी विचारत होते.”

“हो, हो. ऐकली मी लांबी. चाळीस मिनिटं चालली होती.”

आईनं त्याचं नावच ‘साडेपाच’ ठेवलं. तुझ्या साडेपाचला सांग, घसा बसलाय, गरम पाणी पी. तुझा साडेपाच जेवतो का काही वेळेवर? मी चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगायचे. तो म्हणायचा, “आईंना सांगा, आज साडेपाचला पाच कमी आहेत.”

हिवाळा सरता सरता मी त्याला वर्गात बोलावलं. एम.एस्सी.ची सोळा मुलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि खडू हातात धरून उभा राहिला, जणू तो खडू फुटेल.

“मला तुमच्यासारखं येत नाही,” त्यानं सुरुवात केली. “पण पाणमांजर रस्त्यावर का येतं, ते सांगतो. एवढं पोहणारं जनावर, खाली मोरी आहे, पाणी आहे, मग वर का यावं? तर पाऊस झाला की मोरीत पाणी छतापर्यंत चढतं. जोर असतो. त्याला वास घेत, दगडावर थांबत जायची सवय. दगडच बुडालेले. मग ते चढून वर येतं. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या पहाटे मी गाडी नेहमी हळू नेतो. मला माहीत असतं, काय मिळणार ते.”

पुढच्या बाकावरच्या मुलीनं — सगळ्यात हुशार, सगळ्यात तिरसट — वहीत लिहायचं थांबवून विचारलं, “मग मोरीत वरच्या बाजूला एक फळी लावली तर?”

“मी दोनदा अर्ज दिला,” तो म्हणाला. “तुम्ही द्या. तुमचं इंग्रजी चांगलं असेल.”

मुलं हसली. तास संपल्यावर तो व्हरांड्यातल्या बेसिनवर हात धूत राहिला. किती वेळ... साबण लावून, पुन्हा पुन्हा.

“खडूच लागलाय,” मी म्हटलं.

“सवय आहे. लोकांना वाटतं, माझ्या हातांना वास येतो. बसमध्ये शेजारी बसत नाहीत. घरी वहिनी माझं ताट वेगळं ठेवते. वाईट नाही ती, भीती वाटते तिला.”

मला काय झालं कळलं नाही. मी त्याचा ओला हात धरला, वर उचलला आणि नाकाशी नेला.

“साबणाचा येतोय,” मी म्हटलं. “तोही आमच्या विभागाच्या. पाणी घालून वाढवलेल्या.”

तो हसला नाही. हातही काढून घेतला नाही. व्हरांड्याच्या टोकाला शिपाईकाका खोकले, तेव्हा आम्ही भानावर आलो.

*

वर्षाचे आकडे पुरे झाले तेव्हा मी ते फळ्यावर मांडले. पाणथळीत पाणमांजरं साधारण तीस. आमच्या शनिवारच्या मोजणीत वर्षभरात मेलेली दोन. त्याच्या फोनांसकट — अकरा.

दोन धरून गणित केलं तर रेघ जवळजवळ सरळ जात होती. जात टिकत होती. अकरा धरून केलं तर रेघ खाली, खाली आणि आठव्या वर्षी शून्य. आणि त्यातच रस्ता चौपदरी करायचं ठरत होतं.

त्या कामाचा पर्यावरण अहवाल आमच्याच विभागाकडे आला. लिहायचा मी. सही विभागप्रमुखांची आणि माझी.

सरांनी मसुदा वाचला, चष्मा काढला. सर ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“हे फोनवरचे आकडे काढा.”

“सर, तेच तर खरे आकडे आहेत.”

“ऐकीव आहेत. ना शास्त्रीय पद्धत, ना प्रशिक्षित निरीक्षक. आणि त्या माणसाचा विचार केलात? सरकारी नोकर आपल्याच खात्याविरुद्ध माहिती देतो... उद्या त्याला घरी बसवतील. तुम्हालाच वाईट वाटेल.” मग फाइल मिटता मिटता, अगदी सहज — “पुढच्या महिन्यात तुमच्या कायम होण्याची मुलाखत आहे ना? सहा वर्षं झाली कंत्राटावर?”

सहा वर्षं. दर वर्षी जूनमध्ये पत्राची वाट बघायची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दर वर्षी पुढं ढकलायचं.

मी आकडे काढले. स्वतःला सांगितलं, त्याच्यासाठी काढतेय, त्याची नोकरी वाचावी म्हणून. दिवसातून दहादा सांगितलं. खरं असतं तर एकदाच पुरलं असतं.

त्याला मात्र काहीच सांगितलं नाही. फोन येत राहिले. “कुठला दगड?” मी विचारत राहिले, लिहीत राहिले. एकदा तो म्हणाला, “मॅडम, रस्त्याच्या जनसुनावणीला मी रजा टाकलीय. तुम्हाला बोलताना बघायचंय.”

“कशाला? कंटाळवाणं असतं.”

“असू दे की. तुम्ही बोलता तेव्हा वाटतं... आपण जे उचललं ते कुठंतरी पोचलं.”

मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला. आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

*

जनसुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठावर तीन अधिकारी, समोर आम्ही, मागे गावोगावची माणसं, माझे सोळा विद्यार्थी, आणि शेवटच्या रांगेत तोच इस्त्रीचा शर्ट.

मी बोलत होते. पडद्यावर तक्ते येत होते. मग तो तक्ता आला. पाणमांजर, वार्षिक मृत्यू: दोन.

“अकरा.”

आवाज मोठा नव्हता. पण माणसं मागे वळून बघू लागली.

“कोण बोललं?” मधल्या अधिकाऱ्यानं विचारलं. “तुम्ही कोण?”

तो उभा राहिला. “मी ती उचलतो, साहेब.”

कुणीतरी हसलं. तो थांबला नाही. “चोवीसच्या मोरीपाशी पाच. त्यातली एक दुधाची मादी. सव्वीसला तीन. एकोणतीसच्या वळणावर दोन, एकाच पहाटे, एकामागं एक. आणि एक पुलावर, ते जिवंत होतं. माझ्या गाडीत गेलं. अकरा.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “मॅडमकडे सगळं लिहिलेलं आहे.”

अधिकारी माझ्याकडे वळले. “मॅडम, हे खरं आहे का?”

सरांनी माइक अलगद स्वतःकडे ओढला. “अशी कुठलीही शास्त्रीय नोंद विभागाकडे नाही.”

“मी मॅडमना विचारतोय.”

मी समोरच्या कागदांकडे बघत होते. कागदावर पाण्याच्या ग्लासचा ओला गोल उमटला होता. मला वाटलं, पाचेक सेकंद गेले असतील. मुलांनी नंतर सांगितलं, चांगलं अर्धं मिनिट गेलं.

मी मान वर केली तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. राग नव्हता त्या नजरेत. रस्त्यावरच्या जनावराकडे तो उचलण्याआधी बघायचा — श्वास आहे का अजून, असं — तसा बघत होता. मग हळूच खाली बसला. त्याला उत्तर मिळालं होतं.

अधिकाऱ्यानं पान उलटलं. “पुढं चला.”

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही.

“साडेपाच होऊन गेले,” आई दारात येऊन म्हणाली. “बरं नाही का त्याला?”

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आईनं दिवा लावला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मालवला.

आठ दिवसांत त्याची बदली झाली. डोंगराकडच्या डेपोत, चार तासांवर. हे मला त्याच्याकडून नाही, शिपाईकाकांकडून कळलं.

आणि मी कायम झाले. मुलाखत बारा मिनिटांत आटोपली. पत्र हातात पडलं. सरांनी स्वतः पेढे... नाही, बिस्किटांचा पुडा आणला आणि सगळ्यांना एक-एक वाटलं. माझं मी तसंच ड्रॉवरमध्ये ठेवलं.

कायम झाल्यानंतरचा पहिला तास. विषय तोच: लहान संख्येच्या जाती कशा संपतात. मी फळ्यावर रेघ काढायला वळले, आणि पुढच्या बाकावरची ती तिरसट मुलगी उभी राहिली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, खरोखरच विचारत होती.

“मॅडम, परीक्षेत कुठला आकडा लिहायचा? दोन की अकरा?”

सोळा पेनं थांबली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, तिच्या स्टँडचा आवाज झाला.

“अकरा,” मी म्हटलं.

तास तिथंच सोडला. खोलीत गेले आणि सुनावणीच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. वहीतली सगळी पानं जोडली. शेवटी लिहिलं: हे आकडे माझ्याकडे आधीपासून होते. ते मी स्वतः अहवालातून काढून टाकले. ज्यानं ते सांगितले, तो खरं बोलत होता. एक प्रत वर्तमानपत्राला दिली.

अधिकाऱ्यांचं उत्तर तीन ओळींचं आलं. सुनावणीची मुदत संपली आहे. पत्राची नोंद घेतली आहे. विद्यापीठाचं उत्तर त्याहून मोठं होतं. खोटा अहवाल दिल्याबद्दल माझी नेमणूक रद्द झाली. सर चौकशीत म्हणाले, आकडे काढायला मी कधीच सांगितलं नव्हतं. साक्षीदार कोण? मी आणि ते.

आईनं पत्र वाचलं. घडी घालून टेबलावर ठेवलं. “गुडघा काय, दुखतोच आहे इतकी वर्षं,” ती म्हणाली. “तू त्याच्याकडे जाऊन ये.”

“तो बघणारसुद्धा नाही माझ्याकडे.”

“मग न बघितलेली परत ये. पण जा.”

*

पावणेदोनला बसमधून उतरले. डेपोच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आत बोट दाखवलं. अंगणात तो ट्रक धूत होता. रबरी नळी, बादली, गुडघ्यापर्यंतचे बूट. मला बघून त्यानं नळी खाली धरली. पाणी त्याच्याच बुटांवर पडत राहिलं.



“तू गप्प का बसलीस?”

एवढ्या महिन्यांत, एवढ्या फोनांत, त्यानं मला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं. मी या शब्दाची किती वाट बघितली होती... तो असा यावा!

“नोकरीसाठी,” मी म्हटलं. “तुमच्यासाठी आकडे काढले, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं होतं. मला कायम व्हायचं होतं.”

“माहीत होतं मला.” त्यानं ब्रश उचलला, चाक घासायला लागला. “तिथं बसल्या बसल्याच कळलं. मला बदलीचं काही नाही. मी अकरा म्हणालो आणि लोक हसले, त्याचंही काही नाही. पण तू कागदाकडे बघत होतीस...” ब्रश थांबला. “मला वाटलं, माझ्या हातांना खरंच वास येत असणार.”

मला रडायचा हक्क नव्हता, म्हणून रडले नाही.

“मी पत्र दिलं.”

“पेपरात वाचलं.”

“नोकरी गेली.”

“तेही वाचलं. वाईट वाटलं. आनंद व्हायला हवा होता, पण...” त्यानं खांदे उडवले. “रस्त्याचं काय?”

“काम सुरू झालं. काठची सगळी झाडं गेली. मुलं आता आपणहून पहाटे पाचला जातात मोजायला. गेल्या आठवड्यात आणखी दोन मिळाली, चोवीसला.”

“मोठा पाऊस झाला होता.”

“हो.”

“किती राहिली असतील?”

“पंधरा. फार तर अठरा.”

“म्हणजे?”

मी वर्गात हे शंभरदा सांगितलं होतं, आकृत्या काढून. तिथं त्या ओल्या अंगणात मला एकच वाक्य सुचलं. “नाही राहायची.”

त्यानं जाऊन नळ बंद केला. परत येऊन पायरीवर बसला, बुटांकडे बघत. मी थोडं अंतर ठेवून बसले.

“मग आलीस कशाला?”

“तुला बघायला.”

माझाही तो पहिलाच ‘तू’ होता. तो त्याला ऐकू गेला, मला दिसलं ते. कान लाल झाले त्याचे.

“बघितलंस?”

“अजून नाही. तू खाली बघतोयस.”

त्यानं मान वर केली. वाळला होता. दाढी वाढली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“तू मला आवडतोस,” मी म्हटलं. “खूप. हे त्या सभागृहात माझ्या पोटात होतं, तरी मी गप्प बसले. म्हणून हे प्रेम काही फार चांगल्या प्रतीचं नाही, मला कळतं. पण आहे.”

“तुला माफ करता येईल का, सांगता येत नाही,” तो सावकाश म्हणाला. “बघतो पहाटे उठून, तर राग तिथंच असतो. आणि तुझी आठवणही तिथंच असते. दोघं शेजारी शेजारी.”

“मी थांबेन.”

“किती दिवस?”

“मी बेकार आहे. माझ्याकडे दुसरं काय आहे?”

तो हसला. मनाविरुद्ध, नाकातून, पण हसला. मग पुन्हा गंभीर झाला.

“शेवटची गाडी चारला आहे.”

“माहीत आहे.”

“मी पाचला सुटतो.”

“फाटकावर विचारलंय मी.”

“इथं राहायला एकच लॉज आहे. ढेकूण आहेत.”

“मी प्राणीशास्त्राची आहे.”

या वेळी तो हसला नाही. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, आणि मीही नजर खाली घातली नाही. मग उठला, नळ सोडला आणि नळीचं टोक माझ्या हातात दिलं.

“धर. मी घासतो, तू पाणी मार. चाकांच्या आत मार, नुसतं वरवर नको.”

पाणी बर्फासारखं होतं. नळी हातात धडधडत होती. मी चाकाच्या आत पाणी मारलं, तो वाकून घासत राहिला, काळा चिखल आमच्या पायांमधून वाहत गेला. एकदा त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि दोघांनीही तो तिथंच राहू दिला.

चारची गाडी हॉर्न वाजवत फाटकावरून गेली. आम्ही मागच्या चाकापाशी होतो.